लॅपटॉप : बर्डीवरून घ्यावा की घरबसल्या मागवावा?

2025 च्या ऑगस्ट ते ऑक्टोबर या अडीच महिन्यांत आमच्या घरात दोन लॅपटॉप आले. पहिला भाचीसाठी होता. तिला नागपुरातच अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला होता आणि तिचा लॅपटॉप आम्ही सीताबर्डीवरच्या (नागपूरची बाजारपेठ, आमच्या बोलण्यात नुसती 'बर्डी') एका मध्यम आकाराच्या दुकानातून घेतला. दुसरा माझ्यासाठी होता आणि तो दसऱ्याच्या आधीच्या ऑनलाइन सेलमध्ये मागवला. दोन्ही खरेदींत काही चांगले निघाले आणि काही मनस्तापही झाला. माझे मत आधीच सांगून टाकतो. कीबोर्ड कसा हवा, स्क्रीन कशी हवी हे ज्याला अजून स्वतःलाच ठाऊक नाही, त्याने दुकानात जावे. नेमके तेच मॉडेल ज्याने आधी हाताळले आहे, त्याने ऑनलाइन मागवायला हरकत नाही. मात्र वाचणाऱ्या पैशांतून पुढच्या खटपटीची मजुरी आधीच वजा करून ठेवावी.

भाचीच्या वेळी घरातल्या सर्वांचा कल ऑनलाइनकडे होता, आणि त्याचे कारण एकच होते : भाव. मोबाइलवर 58,990 रुपयांना दिसणारा लॅपटॉप दुकानदार 67,500 रुपयांना सांगत होता. कंपनी तीच, मालिकेचे नाव तेच, बाहेरून रंगही तोच. साडेआठ हजारांचा फरक ऐकून माझी बहीण दुकानातून उठायलाच निघाली होती. दुकानदार मात्र शांतपणे म्हणाला, "ताई, फोनवर तुम्ही नाव पाहून राहिल्या, खालचा नंबर पाहा." त्याचे म्हणणे खरे निघाले. लॅपटॉपच्या एकाच नावाखाली कंपन्या पाच-सात उपप्रकार विकतात आणि त्यांच्यातला फरक फक्त मॉडेल क्रमांकाच्या शेवटच्या अक्षरांत दडलेला असतो. फोनवरच्या स्वस्त प्रकारात रॅम 8 जीबी होती, स्क्रीन 250 निट्सची (निट्स म्हणजे उजेडाचे माप) होती आणि रंगांची व्याप्ती, म्हणजे स्क्रीन किती रंग दाखवू शकते ते, 45 टक्के एनटीएससी होती. दुकानातल्या प्रकारात रॅम 16 जीबी, स्क्रीन 300 निट्सची आणि शंभर टक्के एसआरजीबी (हेही रंगांच्या व्याप्तीचेच माप, पण इथे स्क्रीन सरस). शिवाय एकावर वॉरंटी सेवाकेंद्रात नेऊन देण्याची होती, तर दुसऱ्यावर तंत्रज्ञ घरी येण्याची.

प्रोसेसरच्या बाबतीत तर हा गोंधळ फारच बारीक आहे, आणि अनेक पालक इथेच फसतात असे मला वाटते. इंटेलचा "तेराव्या पिढीचा आय5" प्रोसेसर एवढेच ऐकून आपण समाधान मानतो. परंतु आय5-1334यू आणि आय5-13420एच हे दोन्ही तेराव्या पिढीचेच आय5 आहेत. पहिल्यात दहा कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) आहेत आणि दुसऱ्यात आठ, त्यामुळे कागदावर पहिला सरस दिसतो. प्रत्यक्षात पहिल्यातले दोनच कोअर ताकदीचे असून उरलेले आठ वीज वाचवणारे आहेत, तर दुसऱ्यात ताकदीचे चार आहेत. पहिल्याची मूळ वीजमर्यादा 15 वॉट आहे आणि दुसऱ्याची 45 वॉट. सतत जड काम करायचे असेल तर दुसरा बरा, आणि चार्जर न घेता दिवसभर वर्गात फिरायचे असेल तर पहिला बरा. मेडिकल चौकाजवळच्या एका मोठ्या शोरूममध्ये विक्रेत्याने आम्हाला "दहा म्हणजे आठापेक्षा जास्तच ना" असे ठणकावून सांगितले होते. दुकानात माणूस भेटतो हा दुकानाचा गुण मानला जातो. पण तो माणूस जाणकार असेलच असे नाही, हेही इथे नमूद केले पाहिजे.

मॉडेल क्रमांक जुळवून पुन्हा शोध घेतला तेव्हा दुकानातलाच लॅपटॉप ऑनलाइन 64,490 रुपयांना निघाला. दुकानदार घासाघीस करून 65,800 वर आला. म्हणजे साडेआठ हजारांचा तो डोंगर शेवटी 1,310 रुपयांवर आला. ऑनलाइनवर विशिष्ट बँकेच्या क्रेडिट कार्डाने आणखी सूट मिळत होती. पण ते कार्ड आमच्याकडे नव्हते आणि नातेवाइकाचे कार्ड वापरून बिल कोणाच्या नावावर निघेल ही कटकट आम्हाला नको होती.

बिनव्याजी हप्त्यांबद्दलही दोन शब्द लिहितो, कारण दोन्हीकडे त्याचा मोठा गाजावाजा असतो. या योजनेत बँक व्याज लावतेच. तेवढी रक्कम सुरुवातीलाच सूट म्हणून किमतीतून वजा केलेली असते. मात्र त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी ग्राहकाच्या माथी येतो, आणि बहुतेक बँका प्रक्रिया शुल्कही घेतात. व्याज 3,000 रुपये असेल तर त्यावर 540 रुपये कर गेला. ही रक्कम मोठी नाही, पण दोन भावांमधला फरकच तेराशेचा असताना ती हिशेबात धरावीच लागते.

भाव जुळल्यावर आम्ही दुकानातल्या खुर्चीवर निवांत बसलो, आणि दुकानाची खरी किंमत तिथे कळली. भाचीने तीन कंपन्यांच्या लॅपटॉपवर एकेक पानभर मजकूर टंकून पाहिला. जो लॅपटॉप तिने महिनाभर फोटो पाहून पसंत केला होता, त्याच्या कळा तिला खोल आणि ढिल्या वाटल्या. उजवीकडचा अंकांचा भाग कोंबल्यामुळे बाणांच्या कळा नखाएवढ्या झाल्या होत्या. दुसऱ्याचे झाकण एका हाताने उघडले की खालचा भागही सोबत वर उचलला जात असे. तिसरा तिला आवडला. 45 टक्के एनटीएससी आणि शंभर टक्के एसआरजीबी हे आकडे घरी कितीही वाचले तरी डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही; पण एकच छायाचित्र दोन स्क्रीनवर शेजारी-शेजारी ठेवले आणि एकीवरची संत्री फिकट, पिवळसर दिसू लागली, तेव्हा नागपूरकराला आणखी समजावण्याची गरज उरली नाही.

दुकानातल्या पाहणीलाही मर्यादा आहे, हे मान्य केले पाहिजे. तिथे वातानुकूलन असते, दिवे झगझगीत असतात आणि लॅपटॉपवर कंपनीची रंगीत चित्रफीत फिरत असते. अशा वातावरणात पंख्याचा आवाज येत नाही की तळ तापत नाही. लॅपटॉप 35 अंशांपर्यंतच्या तापमानात वापरावा, असे बहुतेक कंपन्या आपल्या माहितीपत्रकात लिहितात. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर 45 अंश असताना कूलर लावलेल्या खोलीतही पारा त्या मर्यादेच्या वर जाऊ शकतो, आणि कूलरच्या दमट झोतासमोर लॅपटॉप ठेवणे हेही काही बरे नव्हे. या बाबतीत ऑनलाइनवर वापरकर्त्यांनी सहा-सहा महिन्यांनी लिहिलेले अनुभव दुकानातल्या अर्ध्या तासापेक्षा अधिक उपयोगी ठरतात. आम्ही ते आधी वाचून गेलो होतो. त्यातून उन्हाळ्यात तापणारे एक मॉडेल यादीतून गळाले होते.

लॅपटॉप दुकानातच घेतला. बंद खोका आमच्यासमोर फोडला, खोक्यावरचा, लॅपटॉपच्या तळाचा आणि बिलावरचा अनुक्रमांक जुळवला, कंपनीच्या संकेतस्थळावर तो टाकून वॉरंटी तपासली. स्क्रीनभर एकच रंग दाखवून मृत ठिपके (बिघडलेले, रंग न बदलणारे बिंदू) आहेत का हेही पाहिले. या सगळ्याला वीस मिनिटे लागली आणि दुकानदाराने कुरकूर केली नाही. तीन वर्षांचे अँटिव्हायरस आणि वाढीव विमा घ्यावा असा त्याचा आग्रह होता, तो आम्ही हसून टाळला.

चूक झाली ती पुढे. "सगळे सुरू करून देतो" म्हणून दुकानातल्या मुलाने लॅपटॉप आत नेला आणि तयार करून आणला. घरी आल्यावर लक्षात आले की लॅपटॉपसोबत मिळालेले मायक्रोसॉफ्ट ऑफिस हे सॉफ्टवेअर त्याने दुकानाच्याच ईमेल खात्यावर चालू केले होते. असे ऑफिस ज्या खात्यावर पहिल्यांदा सुरू होते त्या खात्याशी बांधले जाते. म्हणजे भाचीने हजारो रुपये मोजलेली वस्तू दुसऱ्याच्या नावे गेली होती. दुसऱ्या दिवशी मी बिल घेऊन दुकानात गेलो. मालक आधी "चालून तर राहिले ना भाऊ" असे म्हणाला, मग वरमला. त्याने कंपनीला माझ्यासमोर फोन लावला, त्यात बराच वेळ गेला, आणि शेवटी स्वतःच्या खर्चाने नवीन परवाना देऊन त्याने प्रश्न मिटवला. मेट्रोचे जाण्या-येण्याचे भाडे आणि एक दुपार एवढाच माझा खर्च झाला. लॅपटॉप कुठूनही घ्या, पहिल्यांदा सुरू करण्याचे काम मात्र स्वतःच्या खात्याने स्वतःच करावे.

माझा स्वतःचा लॅपटॉप घेण्याची वेळ आली ती विंडोज 10 चा पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबणार होता म्हणून. माझ्या जुन्या यंत्रावर विंडोज 11 चढत नव्हते. तेव्हा 22 सप्टेंबरपासून जीएसटी कमी झाल्याची चर्चा सर्वत्र होती, आणि लॅपटॉपही स्वस्त झाले असे समजून बर्डीवर गर्दी करणारे लोक मी स्वतः पाहिले. ती कपात मोठ्या टीव्हींना आणि एसीला मिळाली होती, कारण ते 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आले. लॅपटॉप आधीपासून 18 टक्क्यांतच होता आणि तिथेच राहिला. भाव उतरले असतील तर ते सेलमुळे, कराने नव्हे. ज्यांची जीएसटी नोंदणी आहे त्यांनी मात्र बिलावर आपला क्रमांक आवर्जून टाकून घ्यावा; 59,000 च्या बिलात 9,000 रुपये कर असतो आणि व्यवसायासाठीच्या खरेदीवर त्याची वजावट मिळू शकते. विक्रेता परराज्यातला असेल तर बिलावर केंद्र आणि राज्याच्या करांऐवजी आयजीएसटी (आंतरराज्य विक्रीवरचा एकत्रित जीएसटी) दिसतो, त्याने घाबरू नये.

मी भाचीच्याच मालिकेतला 14 इंची लॅपटॉप ठरवला होता. तिच्या खरेदीच्या वेळी त्याचा कीबोर्ड मी भरपूर बडवून पाहिला होता, त्यामुळे मनात शंका नव्हती. या वेळी माझ्याच बँकेच्या कार्डावर सूट होती, आणि दुकानाच्या शेवटच्या भावापेक्षा 5,400 रुपये वाचत होते. एवढ्या फरकाला दुकानदारानेही हात जोडले आणि "घेऊन टाका" म्हणाला. दसऱ्याला, म्हणजे 2 ऑक्टोबरला खोका येणार होता. पण त्या दिवशी दीक्षाभूमीकडे लोटलेल्या गर्दीमुळे आमच्या लक्ष्मीनगरात गाडी पोहोचली नाही, आणि तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला. पोहोचवणाऱ्या मुलासमोर खोका उघडला, लॅपटॉप सुरू होतो हे पाहिले आणि ओटीपी दिला.

संध्याकाळी अंधारात काळी स्क्रीन दाखवून पाहिली तेव्हा डाव्या कोपऱ्यात, खालच्या पट्टीच्या जरा वर, एक हिरवा ठिपका जळत होता. वस्तू बदलून मिळण्याची मुदत सात दिवसांची होती. विक्री करणाऱ्या मंडळींनी सांगितले की कंपनीच्या तंत्रज्ञाचा दोषाचा दाखला आणा. कंपनीचा तंत्रज्ञ चौथ्या दिवशी घरी आला, त्याने ठिपका पाहिला आणि सांगितले की एक ठिपका आमच्या नियमांत दोष धरला जात नाही. दोघेही आपापल्या जागी नियमाने बरोबर होते आणि मधल्या मध्ये मी होतो. हाच ठिपका बर्डीवर दिसला असता तर मी तो खोका तिथेच सरकवून दुसरा मागितला असता, आणि तो मिळालाही असता.

कायद्याने ग्राहक दोन्हीकडे सारखाच सुरक्षित आहे, हे मी तेव्हा वाचून काढले. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, विक्रेता कुठेही असो. आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क लागत नाही. बिलावर "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असे छापले म्हणून दुकानदाराची सदोष मालाच्या जबाबदारीतून सुटका होत नाही, तेही याच कायद्यात आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. मी तक्रार नोंदवली, 48 तासांच्या आत पोच आली, आणि तीन आठवड्यांनी उत्तर आले : वस्तू बदलून मिळणार नाही, सदिच्छा म्हणून 1,500 रुपये परत देऊ. एका ठिपक्यासाठी आयोगाच्या पायऱ्या चढण्याचा उत्साह माझ्यात नव्हता, म्हणून ते मी घेतले.

लॅपटॉप म्हणून मला तो आवडतो. बॅटरी दिवसभर टिकते, कीबोर्ड अपेक्षेप्रमाणे उत्तम आहे. हिशेब केला तर दुकानापेक्षा मला तो 6,900 रुपयांनी स्वस्त पडला आहे. पांढऱ्या पानावर काम करताना ठिपका दिसत नाही. रात्री क्रिकेटची क्षणचित्रे पाहताना मैदानाच्या हिरवळीत तो मिसळून जातो, आणि सामना संपून स्क्रीन काळी झाली की पुन्हा दिसतो.