शेंगदाणा तेल की करडई तेल?

नणंदेचा प्रश्न: घाण्यावरून डबा आणायचाय, कुठलं तेल घेऊ?

डब्यावरचं ‘कोलेस्टेरॉल फ्री’ आधी विसरा; कोलेस्टेरॉल सगळ्याच वनस्पती तेलांत नावालाच असतं. उष्मांकही सारखेच, ग्रॅमला 9.

खरा फरक चरबीच्या प्रकारात आहे. करडईत संपृक्त चरबी (सॅच्युरेटेड फॅट) जेमतेम 6 ते 10 टक्के, शेंगदाण्यात 17 ते 20. पण नेहमीच्या करडईचा सुमारे 75 टक्के भाग लिनोलिक आम्ल, म्हणजे ओमेगा-6 प्रकारची असंपृक्त चरबी. हे आम्ल उष्णतेने आणि हवेने लवकर बिघडतं. शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास ओलिक आम्ल, म्हणजे त्यामानाने कमी बिघडणारी चरबी, असल्यामुळे ते कढईत जास्त टिकतं. ई जीवनसत्त्वात करडई पुढे, जवळपास दुप्पट. ओमेगा-3 दोन्हींत नसल्यासारखंच, त्यासाठी जवसाची चटणी आहेच.

चव? भाकरीवर चटणी आणि वर कच्चं तेल घ्यायचं तर मला शेंगदाण्याचंच लागतं. करडई तशी अबोल.

भजी, पुऱ्या वरचेवर होत असतील तर शेंगदाणा घ्या. तळण कमी, रोजची फोडणीच असेल आणि संपृक्त चरबी कमी करायची असेल तर करडई, तीही लहान बाटलीत, महिन्याभरात संपेल एवढीच. घरात शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर अर्थातच करडई.