सिनालवर आठ महिने: नुसतं ‘क्वालिटेटिव्ह’ लिहून भागत नाही

डायलिसिसवरच्या माणसाची घरी उस्तवार करणाऱ्या बायकांवर माझा एम.एस्सी. नर्सिंगचा प्रबंध आहे. दिवसा बांबोळीला ड्युटी, संध्याकाळी कदंबच्या बसने डिचोली, जेवणं आटोपली की लॅपटॉप. असं आठ महिने सिनाल (CINAHL, परिचर्येवरचे लेख शोधायचा ऑनलाइन डेटाबेस) वापरलं.

पहिले तीन आठवडे वाया गेले, चूक माझीच. विषय टाकायचा आणि पुढे ‘क्वालिटेटिव्ह’ (गुणात्मक, म्हणजे मुलाखतींसारख्या मार्गाने लोकांचे अनुभव समजून घेणारं संशोधन) जोडायचं. पण हा शब्द लेखक लिहीलच असं कुठाय? कोणी फेनॉमेनॉलॉजी म्हणतो, कोणी ग्राउंडेड थिअरी, कोणी नुसतं ‘लिव्ह्ड एक्सपिरियन्स’. त्यात या मंडळींना रुग्णाचं एखादं वाक्यच शीर्षकात घालायची हौस. वाचायला छान, शोधायला डोकेदुखी.

गाईड मॅडमनी विषय-मथळे दाखवले तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. लेखाला ठरलेल्या यादीतली लेबलं असतात, विषयाची तशी पद्धतीचीही. ‘क्वालिटेटिव्ह स्टडीज’ हा मथळा घेऊन ‘एक्स्प्लोड’ केलं की त्याच्या पोटातले प्रकारही येतात. मी मथळा आणि साधे शब्द (मुलाखत, फोकस ग्रुप वगैरे) ‘ऑर’ने जोडते, कारण लेबल लावणाऱ्याच्या नजरेतूनही काही निसटतंच. संख्यात्मकचं, म्हणजे आकड्यांवर आधारलेल्या अभ्यासांचं, सोपं: ‘क्वांटिटेटिव्ह’ विसरा, रँडमाइज्ड, कोहॉर्ट, क्रॉस-सेक्शनल असं अभ्यासाच्या प्रकाराचं नावच टाका.

एक मोह मात्र टाळा. गुणात्मकच हवंय म्हणून ‘नॉट क्वांटिटेटिव्ह’ लावलं की मिक्स्ड मेथड्सचे (दोन्ही पद्धती एकत्र वापरणारे) लेख हातचे जातात. माझ्या कामाच्या मुलाखती नेमक्या तिथेच होत्या!

खटकणाऱ्या गोष्टी? मूळ सिनाल ही सूची आहे, 1961 साली छापील स्वरूपात सुरू झालेली. त्यामुळे प्रत्येक नोंदीमागे पूर्ण लेख असेलच असं नाही. सारांश वाचून तोंडाला पाणी सुटतं आणि ताट रिकामं. शिवाय वर्गणी संस्थेने भरायची. पबमेड हा वैद्यकीय लेखांचा डेटाबेस फुकट, पण परिचर्येपुरतं शोधायचं तर मला सिनालच बरं वाटलं.

माझं लॉगिन कोर्स संपेपर्यंतच आहे. म्हणून सगळ्या सर्च स्ट्रिंग (शोधासाठी जोडलेले शब्द) वहीत उतरवल्यात. पुढे पबमेडवरच शोधायचं आणि तिथले मथळे वेगळे, म्हणून ‘हेमोडायलिसिस’च्या शेजारी लाल पेनाने पबमेडचा मथळा: ‘रीनल डायलिसिस’.