पार्ल्यात पिझ्झा खायचाय: गल्लीतलं जुनं दुकान, साखळीची शाखा की नवं इटालियन?

"तिथलाच खा, दुसरीकडे पैसे घालवू नका." "तिथे पिझ्झा मिळतच नाही, चीज घातलेला पाव मिळतो." दोन्ही मतं एकाच दुकानाबद्दलची आहेत आणि दोन्ही एकाच सोसायटीत ऐकायला मिळतात. दुकान म्हणजे विलेपार्ले पूर्वेला, स्टेशनवरून चालत पोचता येईल असं सात-आठ टेबलांचं साधं पिझ्झाचं हॉटेल. नाव लिहीत नाही, कारण मुलुंडला, बोरिवलीला, ठाण्याला असं एकेक दुकान आहेच आणि तिथले लोकही त्याच्याबद्दल एवढ्याच तावातावाने बोलतात. इथे नव्याने राहायला आलेल्या माणसासमोर तीन पर्याय असतात: हे गल्लीतलं दुकान, एखाद्या मोठ्या साखळीची शाखा, आणि पीठ दोन-दोन दिवस मुरवून इटलीतल्या नेपल्सच्या पद्धतीचा पिझ्झा करणारी नवी, महाग जागा. शेजाऱ्यांची मतं जरूर घ्या. फक्त त्यांनी काय मागवलं, किती वाजता आणि कुठे बसून खाल्लं, हेही विचारा. निम्मा वाद तिथेच मिटतो.

गल्लीतल्या दुकानावर जीव टाकणारे बहुतेक जण इथे वर्षानुवर्षं राहणारे आहेत. डॉमिनोज आणि पिझ्झा हट भारतात आले १९९६ साली. त्याआधी आणि नंतरही बरीच वर्षं मुंबईच्या मध्यमवर्गीय घरात पिझ्झा म्हणजे बेकरीतून आणलेला तयार बेस, त्यावर गोडसर टोमॅटो सॉस, बारीक चिरलेला कांदा, ढोबळी मिरची, वरून हात आखडता न घेता किसलेलं अमूल चीज, आणि तव्यावर झाकण ठेवून दिलेली वाफ. सँडविचवाल्याच्या गाडीवरही हाच मिळायचा, आजही मिळतो. गल्लीतल्या दुकानाची चव याच घराण्यातली आहे: जाड, मऊ बेस, दाताखाली कुरकुरणारा कांदा, भरपूर चीज. ही चव इटलीची नाही म्हणून तिला कमी लेखणं मला पटत नाही. ती इथे तयार झाली, इथल्या दोन पिढ्यांनी वाढदिवसाला आणि निकालाच्या दिवशी ती खाल्ली. पनीर टिक्का घातलेला पिझ्झा चांगला की वाईट, हे पनीर कसं मुरवलंय त्यावरून ठरवावं. नेपल्सला काय चालतं त्यावरून नव्हे.

दुसरं कारण गल्ल्यावर बसलेल्या माणसाचं. अर्धा एका चवीचा आणि अर्धा दुसऱ्या चवीचा करून दे म्हटलं तर कपाळावर आठी नाही. आजींना तिखट नको, मिरची वेगळी द्या, हे एकदा सांगितलं की पुढच्या वेळी लक्षात असतं. टेबलावर दोन तास गप्पा मारत बसलेल्या कॉलेजच्या पोरांना कुणी उठवत नाही. साठ्ये आणि डहाणूकर कॉलेजं जवळ असल्याने अशी पोरं इथे नेहमीच असतात.

आता नाकं मुरडणाऱ्यांकडे वळू, कारण त्यांच्यातही एकमत नाही. एक गट पुण्या-मुंबईच्या किंवा परदेशातल्या चांगल्या पिझ्झेरियात खाऊन आलेला. त्यांची तक्रार: बेस पावासारखा, सॉस गोड, भाज्या अर्धकच्च्या. यातली बेसची तक्रार मला रास्त वाटते आणि तिचं कारणही सांगता येतं. अशा दुकानांत विजेचा किंवा गॅसचा डेक ओव्हन असतो, साधारण २५० ते ३०० अंशांवर चालणारा. रात्रीची गर्दी पेलायची म्हणून बेस दुपारीच अर्धवट भाजून रचून ठेवतात आणि ऑर्डर आली की टॉपिंग घालून पुन्हा आत सरकवतात. संध्याकाळी सातला हा बेस वरून खरपूस आणि आतून मऊ लागतो. रात्री दहाला तोच बेस कोरडा पडलेला असतो. म्हणजे सातला जाणारं कुटुंब कौतुक करतं आणि ऑफिसातून उशिरा येणारं जोडपं नाराज होतं, तेव्हा दोघंही खरंच सांगत असतात. एक गोष्ट मात्र जपा: दीनानाथ मंगेशकर नाट्यगृहात रविवारचा प्रयोग सुटला की पुढचा अर्धा-पाऊण तास तिथे जाऊ नका. गर्दीत ओव्हन सतत उघडझाक होतो, आतली उष्णता उतरते आणि पिझ्झा फिकट बाहेर येतो.

दुसरा नाराज गट ॲपवरून मागवणाऱ्यांचा. थंड आला, खालून ओला झाला, चीज डब्याच्या झाकणाला चिकटलं. यात दुकानाचा दोष थोडाच. गरम पिझ्झा बंद खोक्यात ठेवला की त्याची वाफ खाली बेसमध्येच मुरते, आणि चीज जितकं जास्त तितका ओलावाही जास्त. जुलैच्या पावसात सबवेपलीकडून, पार्ले पश्चिमेहून ऑर्डर देणाऱ्याने कुरकुरीत बेसची आशा धरू नये. याच दुकानाचा पिझ्झा घरी हवा असेल तर स्वतः जाऊन आणा, खोक्याचं झाकण किंचित उघडं ठेवा, आणि घरी आल्यावर तापलेल्या लोखंडी तव्यावर मंद आचेवर तीन-चार मिनिटं ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये घातलात तर बेस आधी लिबलिबीत आणि मग चिवट होईल.

नव्या जागेबद्दलची मतंही तितकीच टोकाची आहेत, फक्त शब्द वेगळे: "मधे कच्चा होता" आणि "कडा जळलेल्या होत्या". हे दोन्ही शेरे मारणारी माणसं बहुधा पहिल्यांदाच या पद्धतीचा पिझ्झा खात होती. नेपल्समध्ये १९८४ साली स्थापन झालेल्या पिझ्झा करणाऱ्यांच्या संघटनेने याचे नियमच घालून दिलेत: पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट एवढंच, बेस हातानेच पसरायचा, आणि घुमटाकडे सुमारे ४८५ अंश तापलेल्या ओव्हनमध्ये फक्त ६० ते ९० सेकंद भाजायचा. एवढ्या आचेत कडा फुगते, तिच्यावर काळे ठिपके पडतात, आणि मधला भाग मऊ, ओलसरच राहतो. तो कच्चा नसतो, तसाच असायला हवा. २०१७ साली युनेस्कोने या कलेला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, ते उगाच नाही.

पण ज्याला खरपूस भाजलेलं आवडतं त्याला वारसा सांगून काय उपयोग? माझ्या पाहण्यात साठीच्या पुढची बहुतेक माणसं हा पिझ्झा अर्धा टाकून उठतात. भाकरी नीट भाजलेली लागते तसा पिझ्झाही त्यांना खालून कडक हवा असतो, आणि तो आग्रह समजण्यासारखा आहे. हा पिझ्झा ताटात आल्यावर पाच मिनिटांत संपवायचा असतो. गप्पा रंगल्या की तो गार होतो आणि चिवट लागतो. पार्सल तर नकोच. तेव्हा दोघांनीच जायचं असेल, भूक लागलेली असेल आणि लक्ष खाण्याकडे असेल, तर तिथे जा आणि पहिल्यांदा मार्गारिटाच घ्या. पीठ किती मुरलंय आणि टोमॅटो कसा आहे, हे त्यातच कळतं.

तिथल्या लाकडाच्या ओव्हनचं कौतुक बरेच जण करतात. ९ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं, आणि पाठोपाठ महापालिकेने कोळशाच्या तंदूरवाल्या हॉटेलांनाही नोटिसा दिल्या. एखाद्या जागेने लाकूड सोडून गॅस घेतला म्हणून पिझ्झा बिघडला, असं कुणी म्हणालं तर मी ते मानणार नाही. दीड मिनिटात धुराची चव फारशी लागत नाही, तिथे काम करते ती आच. आणि पार्ल्याची हवा आपण सगळेच श्वासात घेतो.

साखळीच्या शाखेबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. दादरला खाल्लात तसाच इथे मिळेल, रात्री उशिरापर्यंत येईल, सवलती असतील, मुलं खूश होतील. प्रवासातून दमून आलात आणि नवल नको असेल तर तो चांगला पर्याय आहे. त्याची आठवण मात्र राहत नाही.

शाकाहारी आणि जैन घरांसाठी मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे चुकीची माहिती पुष्कळ फिरते. गल्लीतल्या दुकानाला आमच्या जैन शेजाऱ्यांचा ठाम पाठिंबा आहे, आणि तो चवीपेक्षा विश्वासाचा आहे. कांदा-लसणाशिवायचा सॉस तिथे वेगळ्या भांड्यात तयार असतो, कापायची सुरी वेगळी असते, पर्युषणात काय चालत नाही हे काउंटरवरच्या मुलाला माहीत असतं. साखळीतही जैन पिझ्झा मिळतो. नव्या इटालियन जागेत गंमत अशी की पारंपरिक मार्गारिटाच्या सॉसमध्ये कांदा-लसूण नसतोच, नुसता कुस्करलेला टोमॅटो, मीठ, तुळशीच्या जातीचा बेझिल आणि ऑलिव्ह तेल. खरी अडचण चीजची आहे. पार्मिजानो रेज्जानो हे मूळचं इटालियन चीज वासराच्या जठरातून काढलेल्या, दूध घट्ट करणाऱ्या रेनेटने करतात, त्यामुळे ते शाकाहारी नाही. अमूलसारख्या आपल्याकडच्या चीजमध्ये सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट असतं. म्हणून नव्या जागेत "व्हेज आहे ना?" एवढंच विचारून थांबू नका. वरून किसून घातलेलं चीज कुठलं, ते विचारा आणि शंका वाटली तर घालू नका म्हणून सांगा.

चीजबद्दल एक प्रश्न गल्लीतल्या दुकानातही विचारायला लाजू नका: हे दुधाचं चीज की वनस्पती तेलातलं? तेलाचं स्वस्त पडतं, आणि अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे त्याला चीज म्हणून विकता येत नाही. चांगला दुकानदार सरळ पाकीट काढून दाखवतो. आमच्या इथला दाखवतो. माझ्या मनात त्याच्याबद्दल आदर वाढला तो यामुळे.

आता पैसे. "पूर्वी पिझ्झा मोठा होता, आता लहान केला" ही तक्रार गल्लीतल्या दुकानाबद्दल सतत येते. तुलना करायची तर इंचांकडे बघा. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या हिशोबाने वाढतं, त्यामुळे ७ इंची दोन पिझ्झे मिळून एका १० इंचीएवढेही भरत नाहीत, आणि १२ इंचीचा एक पिझ्झा ७ इंचीच्या जवळजवळ तिप्पट असतो. चौघांसाठी चार छोटे घेणारं कुटुंब बहुतेक ठिकाणी जास्त पैसे देऊन कमी खातं. मोठा घ्या आणि अर्धा-अर्धा करून मागा. गल्लीतल्या दुकानात ते सहज होतं, साखळीत सगळीकडे होत नाही, इटालियन जागेत तर एका माणसाला एक असाच पिझ्झा असतो. दोघांचं तिथलं बिल गल्लीतल्या दुकानाच्या दुप्पट-अडीचपट होतं. बिलात सेवा शुल्क लावलेलं दिसलं तर ते द्यायलाच हवं असं नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये हे स्पष्ट केलंय. शांतपणे काढायला सांगा.

माझं मत विचाराल तर, आई-बाबा आणि मुलं मिळून जायचं असेल तर गल्लीतलं दुकान, संध्याकाळी साडेसहा ते आठच्या दरम्यान, तिथेच बसून. थिन क्रस्ट मागू नका. तो त्यांना जमत नाही आणि मेनूत आहे म्हणून ते करतात. नेहमीचा बेस घ्या, "चीज थोडं कमी, कडक भाजा" असं सांगा, आणि कांदा-ढोबळी मिरची-मका असलेला साधा पिझ्झा घ्या. मेनूच्या खालच्या टोकाला असलेले चीज बर्स्टवर मेयॉनीज घातलेले प्रकार मुलांना दिसायला आवडतात, पण तिसऱ्या तुकड्याला जड होतात. नाराज झालेल्यांना मी जेव्हा जेव्हा विचारलं, तेव्हा बहुतेकांनी यातलाच एखादा मागवलेला होता. गार्लिक ब्रेड मात्र जरूर घ्या. त्याबद्दल या भागात वाद घालणारं अजून कुणी भेटलेलं नाही.

वाढदिवसासाठी दहा-बारा मुलांचं मागवायचं असेल तर ॲप वापरू नका. आदल्या दिवशी स्वतः जाऊन सांगा, वेळ लिहून द्या, आणि बेस त्याच दिवशी भाजायला सांगा. आगाऊ सांगितलं तर ते करतात. १२ इंची पाच पुरतात. त्यातला एक जैन ठेवा आणि तो वेगळ्या खोक्यात बांधून मागा.