फँटसी प्रीमियर लीग 2025-26 : बचावपटूंना अखेर न्याय

(हा लेख ऑगस्ट 2025 मधला, हंगाम सुरू होण्याआधीचा आहे; किमती, नियम आणि खेळाडूंचे क्लब तेव्हाचे.) फँटसी प्रीमियर लीग म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल लीगमधल्या खऱ्या खेळाडूंचा आपला संघ बनवायचा आणि त्यांच्या खऱ्या सामन्यांतल्या कामगिरीवर गुण मिळवायचे, असा ऑनलाइन खेळ. प्रीमियर लीगचा नवा हंगाम 15 ऑगस्ट 2025 ला लिव्हरपूल-बोर्नमथ सामन्याने सुरू होतोय. आपल्याकडे तो मध्यरात्रीनंतर साडेबाराला दिसेल. पण फँटसी संघ त्याच्या दीड तास आधी, शुक्रवारी रात्री 11 वाजता कुलूपबंद होतो. झेंडावंदनाच्या सुट्टीचा दिवस आहे, तेव्हा संघ दुपारीच लावून मोकळे व्हा. शेवटच्या मिनिटांत सगळ्यांची एकदम झुंबड उडते आणि अॅप अडखळू शकतं.

खेळ फुकट आहे, पैसे लावायचे नाहीत. खेळातल्या काल्पनिक 100 मिलियनमध्ये 15 खेळाडू घ्यायचे : 2 गोलकीपर, 5 बचावपटू, 5 मिडफिल्डर, 3 फॉरवर्ड. एका क्लबचे तीनपेक्षा जास्त नाहीत. हे दरवर्षीचंच. यंदा बदललंय ते गुणांचं गणित, आणि तो बदल गेल्या कित्येक वर्षांतला सर्वात चांगला आहे.

आजवर तळाच्या संघातल्या सेंटर-बॅकने (मधल्या बचावपटूने) नव्वद मिनिटं डोक्याने चेंडू बाहेर काढले, अंगावर शॉट झेलले, तरी संघ 0-2 हरला की त्याच्या पदरी एक गुण. खेळल्याचे 2, दोन गोल खाल्ल्याचा वजा 1. आता बचावपटूच्या क्लिअरन्स (चेंडू दूर उडवणं), ब्लॉक (शॉट अडवणं), इंटरसेप्शन (पास मध्येच तोडणं) आणि टॅकल (प्रतिस्पर्ध्याच्या पायातून चेंडू काढणं) यांची एका सामन्यातली बेरीज 10 झाली की 2 गुण जादा. म्हणजे त्याच हरलेल्या सामन्यात 3. मिडफिल्डर आणि फॉरवर्डना 12 ची अट आहे, पण त्यांच्या बेरजेत सुटा चेंडू ताब्यात घेतल्याचीही नोंद धरतात. चेल्सीच्या कैसेडोसारखा राबणारा मिडफिल्डर म्हणूनच आता विचारात घ्यावा लागतो.

यातली मेख नीट समजून घ्या. 9 ला शून्य, 10 ला 2 आणि 20 ला पण 2. तेव्हा वर जाऊन क्रॉस टाकणारा फुल-बॅक (कडेचा बचावपटू) या गुणांसाठी घेऊ नका, त्याची बेरीज सहसा सहा-सातवर अडकते. गोलसमोरच्या पेनल्टी चौकोनात उभा राहून हवेतला प्रत्येक चेंडू उडवणारा सेंटर-बॅक हवा. एव्हर्टनचा टारकोव्स्की 5.5 मिलियनला आहे, तो या नियमासाठीच जन्मलाय. गोलकीपरला हे गुण नाहीत.

आता सगळ्यांना छळणारा प्रश्न. लिव्हरपूलचा सालाह 14.5 मिलियन, मँचेस्टर सिटीचा हालांड 14.0. दोघांना घेतलं तर 28.5 गेले, उरलेल्या 13 जणांसाठी 71.5, म्हणजे डोई बरोबर 5.5. जमतं, पण मधल्या फळीत 8 मिलियनचे खेळाडू दोनच्या वर परवडत नाहीत आणि बाकावर (राखीव म्हणून) चार-साडेचारची माणसं बसवावी लागतात. एकच घ्यायचा तर सालाह. तो मिडफिल्डर म्हणून नोंदला आहे, त्यामुळे त्याच्या गोलला 5 गुण, हालांडच्या गोलला 4. संघाने एकही गोल खाल्ला नाही (क्लीन शीट) तर सालाहला एक वेगळा. 2024-25 च्या हंगामात 29 गोल आणि 18 असिस्ट (गोलसाठीचे पास) करून त्याने 344 गुण मिळवले, तो या खेळातला विक्रम आहे. लिव्हरपूलचा बचावपटू आर्नॉल्ड रिअल माद्रिदला गेल्यावर उजव्या बाजूने त्याला तसे पास कोण देणार, आणि नवा मिडफिल्डर विर्ट्झ आल्यावर चेंडू आधी कुणाकडे जाणार, ही शंका मात्र खरी आहे. लिव्हरपूलचे पहिले चार सामनेही सोपे नाहीत : बोर्नमथनंतर न्यूकॅसल, आर्सेनल, बर्नली.

आर्सेनलच्या ग्योकेरेसकडून (9.0) आशा मोठी आहे, पण पेनल्टी तो घेणार की त्याच्याच संघातला साका, हे कळेपर्यंत थांबलेलं बरं. पहिलाच सामना मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर आहे. तिथे समोर एम्ब्यूमो आणि कुन्या, दोघंही 8.0, दोघंही नव्या क्लबात. ब्रेंटफर्डकडून 20 गोल मारणारा एम्ब्यूमो युनायटेडमध्ये तेवढ्या पेनल्टी घेणार नाही, कारण तिथे पेनल्टी घ्यायला ब्रूनो आहे. हे लिहिताना, ऑगस्ट 2025 मध्ये, फॉरवर्ड इसाक न्यूकॅसलकडून खेळायलाच तयार नव्हता, म्हणून त्याच्यावर 10.5 अडकवू नका.

चिप, म्हणजे एकदाच वापरता येणाऱ्या खास सवलती, यंदा (2025-26) दुप्पट आहेत. वाइल्डकार्ड (गुण न कापता हवे तितके खेळाडू बदलणं), फ्री हिट (एका आठवड्यापुरता वेगळा संघ), बेंच बूस्ट (बाकावरच्यांचेही गुण), ट्रिपल कॅप्टन (कर्णधाराचे गुण तिप्पट) असा एक संच पहिल्या अर्ध्यात, दुसरा नंतर. पहिला संच 19व्या आठवड्याच्या डेडलाइनपर्यंत, म्हणजे 30 डिसेंबरपर्यंत वापरला नाही तर वाया जातो. पुढे नेता येत नाही. पहिलं वाइल्डकार्ड तिसऱ्या आठवड्यानंतरच्या आंतरराष्ट्रीय सुट्टीत टाकावं असं आमचं ठाम मत. क्लबांची खेळाडू खरेदी-विक्रीची मुदत (ट्रान्सफर विंडो) 1 सप्टेंबरला बंद होते, तोवर निम्मे संघ कच्चे असतात. वाइल्डकार्ड टाकलं तरी साठवलेल्या फ्री ट्रान्सफर (गुण न कापता खेळाडू बदलायच्या संधी) हातात राहतात. एरवी आठवड्याला एक मिळते, पाचपर्यंत साठतात, वरच्या प्रत्येकीला 4 गुण कापतात.

नवखे हमखास फसतात ते बाकावर. बाकावरचा खेळाडू आपोआप आत येतो तो फक्त तुमचा माणूस एक मिनिटही खेळला नाही तरच. 89व्या मिनिटाला उतरला तर त्याचा 1 गुण घ्या आणि बाकावरचे 9 बघत बसा. म्हणून सतत बदली म्हणून येणारा खेळाडू न खेळणाऱ्यापेक्षा घातक. शिवाय अधिकृत अकरा जण डेडलाइननंतर जाहीर होतात, त्यामुळे आदल्या दिवशीची मॅनेजरची पत्रकार परिषद हीच खरी बातमी.

किमतींचा भाग आम्हाला अजूनही पटत नाही. 7.5 ला घेतलेला खेळाडू 7.8 झाला तरी विकताना 7.6 च मिळतात, कारण नफ्यातला अर्धाच तुमचा आणि तोही खालच्या दशांशाला उतरवून. एवढ्यासाठी लोक मंगळवारीच ट्रान्सफर करतात आणि गुरुवारी तोच खेळाडू सरावात जखमी होतो. पहिल्या महिन्यात किमतीमागे धावू नका.

वेळेचंही बघा. शनिवारी लवकरचा सामना पहिला असेल तर डेडलाइन आपल्याकडे दुपारी साडेतीनला. 26 ऑक्टोबरला इंग्लंडमधली घड्याळं मागे गेली की साडेचारला. डिसेंबरात आफ्रिकी देशांच्या संघांच्या आफ्रिकन चषकासाठी सालाह आणि एम्ब्यूमो जाण्याची शक्यता आहे, म्हणून 16व्या आठवड्यात सगळ्यांच्या फ्री ट्रान्सफर पाचपर्यंत भरून मिळणार आहेत. त्याच्या आधीच्या आठवड्यात त्या साठवून काही उपयोग नाही, असतील तेवढ्या वापरून टाका.