१० अँपिअरचा म्हणून ३ चा अडॅप्टर गळ्यात मारला

निपाणी, चिकोडी, बेळगाव भागातून रोबोटिक्सचं सामान मागवणाऱ्यांनी वाचावं. व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर, यूपीआयने आधी पैसे, कोल्हापूरकडून पार्सल, बिल नाही. पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

रोबोट हाताला एमजी ९९६ आर जातीचे सहा सर्वो (सांगू त्या कोनात फिरणाऱ्या मोटरी) होते. हा सर्वो ६ व्होल्टला अडकला की एकटा अडीच अँपिअरपर्यंत खेचतो, म्हणून ५ व्होल्ट १० अँपिअरचा अडॅप्टर मागवला. किंमत १,४५० रुपये. "दहा काय, बारा बी देतंय ओ," म्हणाला विकणारा.

लेबलवर १० अँपिअर, मीटरवर ५.०२ व्होल्ट. शंका कशाची घ्यायची? पण काही न जोडलेल्या रिकाम्या अडॅप्टरचा व्होल्टेज काहीच सांगत नाही. एक सर्वो नीट फिरतो. दुसऱ्याला थरथर. तिसरा हलला की मीटर ३.९ वर, आणि ऊनो (हात चालवणारा आर्डुइनो बोर्ड) रिसेट. मीटर सरासरी दाखवतो. क्षणाचा खड्डा त्याहून खोल, आणि २.७ च्या खाली गेला की ऊनो बंद पडून पुन्हा सुरू होतो. दिसायला हा दोष कोडचा किंवा बोर्डाचाच वाटतो, भल्याभल्यांना वाटतो. त्यापायी नवा ऊनो ६५०, दोन सर्वो ८४०. एकूण २,९४० रुपये पाण्यात.

खूण मात्र पार्सल उघडतानाच हातात होती. टोकाला साधा गोल जॅक! तो सहसा ५ अँपिअरच्या पुढे झेपतच नाही. त्यातून १० कुठून येणार? वायर मोबाइल चार्जरएवढी बारीक, डबा हाताला हलका. खरा १० वाला बहुतेक जाळीच्या पत्र्याच्या डब्यात, स्क्रूच्या टर्मिनलसकट येतो. पण फोडून बघितलं की "वॉरंटी गेली" म्हणायला हे मोकळे.

अडॅप्टर तपासायला २.२ ओहम १० वॅटचे चार रेझिस्टर आणा. ५ व्होल्टला एकेक जवळपास सव्वादोन अँपिअर घेतो. अडॅप्टरला एकेक करून समांतर जोडा आणि मीटर बघा, फार तर १० सेकंद, हात लावू नका, भाजतं. खरा असेल तर चौथ्यालाही ५ च्या आसपास टिकतो. आमचा दुसऱ्यालाच ४.१ वर बसला, म्हणजे तीनच्या आसपासचाच.

आता तक्रार. एका कार्यालयात "एवढ्याशा रकमेला?" दुसऱ्यात "विकणारा महाराष्ट्रातला, कोल्हापूरला जावा." तिसऱ्यात अर्ज कन्नडमध्ये लिहून आणा, आणला तर साहेब मीटिंगला. सीमाभागातल्या माणसाला इकडचे तिकडे ढकलतात, तिकडचे इकडे. आणि कायदा काय म्हणतो? ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ३४: तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात दावा चालतो. आणि नियमांप्रमाणे मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. टेबलामागे बसून पगार घेणाऱ्याला हे आम्ही शिकवायचं! आयोगात जाण्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, तक्रारीचा नंबर लिहून घ्या. यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि लेबलचा फोटो जपा. आणि पुढच्या वेळी विकणारा बिल देत नसेल तर खरेदी तिथंच सोडा.

अडॅप्टर खरा असला तरी सर्वोंना वीज ब्रेडबोर्डवरून (वायरी खोचायच्या छिद्रांच्या पाटीवरून) देऊ नका, ब्रेडबोर्ड एक अँपिअरच्या पुढे तापतो. १८ गेजची वायर थेट, सर्वोंजवळ १००० मायक्रोफॅराड १६ व्होल्टचा कपॅसिटर, प्लस-मायनस बघून. ऊनोला वेगळी वीज, पण ग्राउंड (मायनस) एकच. सगळे सर्वो एकदम उठवू नका, मध्ये २०० मिलिसेकंद ठेवा. लेबलवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर-नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, असेल तर बीआयएस केअर अ‍ॅपवर टाका. आमच्या लेबलवर तो नव्हताच.