येशूचा जन्म कोणत्या साली? वाद घालण्याआधी स्टेलॅरियम लावा

नाताळ जवळ आला, घराघरांवर नखेत्रां, म्हणजे नाताळचे आकाशकंदील, लागले की गोव्यातल्या आमच्या वेरेंत येशूच्या जन्मसालाचा वाद हमखास निघतो. कोणी म्हणतो, २५ डिसेंबर ही खरी तारीखच नव्हे. कोणी मोबाइलवर व्हिडिओ दाखवतो की गुरू आणि शनी एक झाले आणि बेथलेहेमचा तारा, म्हणजे येशूच्या जन्मावेळी दिसला म्हणतात तो, दिसला. अशा वेळी मी लॅपटॉप उघडून स्टेलॅरियम हा आकाश दाखवणारा प्रोग्राम लावतो. भूगोल शिकवण्यात माझा जन्म गेला, पण फुकट मिळणारं इतकं कामाचं साधन मला दुसरं माहीत नाही.

कुठल्याही गावचं, कुठल्याही तारखेचं आकाश ते समोर ठेवतं. एफ६ दाबून जेरुसलेम निवडायचं, एफ५ दाबून तारीख घालायची. एक गोष्ट मात्र आधीच ध्यानात ठेवा. खगोलशास्त्रात शून्य हे वर्ष धरतात, इतिहासात धरत नाहीत. त्यामुळे इ.स.पू. ७ बघायचं तर वर्षाच्या जागी उणे ६ लिहावं लागतं. इसवी सनाची ही मोजणी मांडली डायोनिसियस एक्झिग्युअस या साधूने, इ.स. ५२५ मध्ये. बायबलातला मत्तय सांगतो की येशू जन्मला तेव्हा यहुद्यांचा राजा हेरोद जिवंत होता, आणि हेरोद तर इसवी सन सुरू होण्याआधीच वारला. म्हणजे जन्मसाल मागे सरकवण्यावाचून गत्यंतर नाही. किती मागे, एवढाच वाद.

आता उणे ६ लावा. त्या वर्षी गुरू आणि शनी मीन राशीत तीनदा जवळ आले: मे महिन्याच्या अखेरीस, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास आणि डिसेंबरात. केप्लर या खगोलशास्त्रज्ञानेही हे गणित मांडलं होतं. पण पडद्यावर नीट मोजून बघा, दोघांमधलं अंतर जवळजवळ एक अंश, म्हणजे पौर्णिमेचे दोन चंद्र शेजारी मावतील एवढं. ते एक झाले असं कोणत्याही डोळ्यांना दिसलं नसणार. २१ डिसेंबर २०२० ला सूर्यास्तानंतर याच दोन ग्रहांची जी जोडी सगळ्यांनी पाहिली, ती याच्या दहापट जवळ होती. व्हिडिओवाले इथेच फसवतात. तरी या सालात एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. डिसेंबरच्या सुरुवातीचा दिवस धरा, सूर्य मावळू द्या आणि तोंड दक्षिणेकडे करा. गुरू-शनी ऐन दक्षिणेला, वर आलेले दिसतात. जेरुसलेमहून बेथलेहेम दक्षिणेलाच आहे, जेमतेम नऊ किलोमीटरवर.

शेजारच्या टीचर चर्चमध्ये कॅटेकिझम, म्हणजे मुलांना धर्मशिक्षण, शिकवतात. त्यांचं मत इ.स.पू. २ च्या बाजूने. त्या सालची १७ जूनची संध्याकाळ (वर्ष उणे १) लावली की पश्चिमेला शुक्र आणि गुरू असे चिकटतात की नुसत्या डोळ्यांना एकच तेजस्वी तारा दिसावा. या सगळ्या वादातलं हेच सर्वांत देखणं दृश्य. पण तेव्हा हेरोद जिवंत होता का?

जोसीफस या जुन्या यहुदी इतिहासकाराने लिहून ठेवलंय की हेरोदाच्या मृत्यूआधी चंद्रग्रहण झालं आणि नंतर यहुद्यांचा वल्हांडणाचा सण आला. इ.स.पू. ४ ची १३ मार्च लावून चंद्र मोठा केला की दिसतं, मध्यरात्रीनंतर त्याचा अर्ध्याहून कमी भाग झाकला गेला होता. टीचर म्हणतात, एवढंसं ग्रहण कोण लिहून ठेवील? त्यांच्या मते ते इ.स.पू. १ चं १० जानेवारीचं ग्रहण, कारण ते खग्रास होतं. मुद्दा बिनतोड वाटतो खरा. पण हेरोदाच्या मुलांच्या राजवटी मागे मोजत नेल्या की इ.स.पू. ४ वर येतात, म्हणून बहुतेक इतिहासकार तेच साल धरतात. मीही तेच धरतो, आणि जन्म इ.स.पू. ७ ते ५ मधला मानतो.

इ.स.पू. ५ मध्ये चिनी लोकांनी सत्तरहून जास्त दिवस दिसलेल्या एका ताऱ्याची नोंद केली, तो मात्र स्टेलॅरियममध्ये सापडणार नाही. तो धूमकेतू असला तरी त्याची कक्षाच कोणाला ठाऊक नाही, तर दाखवणार काय? दिवसाचंही तसंच. २५ डिसेंबरची जुनी नोंद रोमच्या इ.स. ३५४ च्या पंचांगात मिळते. त्याच्या दीडशे वर्षं आधी अलेक्झांड्रियाचा क्लेमंट काही लोक मे महिन्यातला दिवस मानतात असं लिहितो. यावर आकाशातलं एकही नक्षत्र कौल देत नाही.

तरीही आमच्या बार्देस तालुक्यातल्या प्रत्येक शाळेच्या संगणकावर स्टेलॅरियम असावं असं मला मनापासून वाटतं. ६ जानेवारीला रेइश मागुशच्या चर्चच्या फेस्तात (सणात) तीन राजे बघायला जाणाऱ्या मुलांना, ते राजे ज्या ताऱ्यामागे निघाले त्याबद्दल चारशे वर्षं काय शोध चाललाय, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघता येईल. लॅपटॉप साधा असला तरी चालतो.

मागच्या बैठकीत टीचरनी मला अडवलं ते वेगळ्याच ठिकाणी. "सर, शिरगणतीचें कितें?" येशूच्या जन्मावेळी झाली असं बायबलातला लूक सांगतो ती क्विरीनिया या रोमन सुभेदाराची शिरगणती (जनगणना) इ.स. ६ मधली, म्हणजे हेरोद गेल्यावर दहाएक वर्षांनी. याचं उत्तर स्टेलॅरियममध्ये नाही. त्यासाठी जोसीफसच वाचायला हवा, आणि तो टीचरनी मागवलाय.