व्हॅक्यूम क्लीनर घ्यायचा, तर किती वर्षं चालणारा?

इंदुरातल्या सुदामानगरच्या आमच्या वहिनींना व्हॅक्यूम क्लीनर घ्यायचा आहे. वायरचा की बॅटरीचा, आणि पैसे वसूल व्हायला तो किती वर्षं चालला पाहिजे, असं त्यांनी विचारलं. दुकानात या प्रश्नाला वॉरंटीचं उत्तर मिळतं. पण वॉरंटी संपली म्हणजे मशीन संपलं असं नसतं, आणि ती बाकी आहे म्हणजे मशीन धडधाकट आहे असंही नसतं.

मी तास मोजते. युरोपीय संघाच्या 2013 च्या नियमात घरगुती व्हॅक्यूमची मोटर किमान 500 तास चालली पाहिजे आणि पाइप 40,000 वेळा हलवल्या-वाकवल्यावरही कामाचा राहिला पाहिजे, अशी अट आहे. आपल्याकडे तो नियम लागू नाही, पण हिशेबाला आकडा मिळतो. वहिनींकडे झाडू-पोछ्याला बाई आहेत. व्हॅक्यूम लागणार तो सोफा, गाद्या, पडदे आणि पुस्तकांच्या कपाटाला, म्हणजे आठवड्याला एक तास. 500 तास भरायला साडेनऊ वर्षं लागतील. तेच मशीन कुणी रोज वीस मिनिटं चालवलं, तर चार वर्षांत तेवढे तास भरतात. म्हणून शेजारणीचा किती वर्षं चालला, हे विचारून फारसा उपयोग नाही.

वायरच्या मशीनमध्ये बहुतेक वेळा कार्बन ब्रशची मोटर असते, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे छोटे ठोकळे असतात. कार्बन झिजत जातात, मग ठिणग्या दिसतात, जळका वास येतो, मोटर मध्येच दम सोडते. घाबरून मशीन भंगारात देऊ नये, कार्बनची जोडी बदलता येते. आमचा ड्रमवाला, म्हणजे पिंपासारखा मोठा व्हॅक्यूम, बारा वर्षांचा आहे. त्यात एकदा कार्बन आणि एकदा पाइप एवढंच बदललं.

त्याच्याआधीचा मात्र तिसऱ्या वर्षी गेला, आणि चूक आमची होती. रंगपंचमीला मुलं राजवाड्यावरची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघून आली आणि बैठकीतच कपडे झटकले. सतरंजीवर गुलालाचा थर. मी सरळ व्हॅक्यूम फिरवला. आवाज चढत गेला, मशीन तापून बंद पडलं. थंड झाल्यावर पुन्हा लावलं, पुन्हा बंद. मिस्त्रींनी उघडलं तेव्हा फिल्टर भिजलेल्या गुलाबी पुठ्ठ्यासारखा घट्ट झाला होता आणि पंख्याच्या पात्यांपर्यंत रंग गेला होता. नुसत्या कोरड्या कामाच्या मशीनमध्ये ओढलेली हवाच मोटरला थंड ठेवते. फिल्टर तुंबला की ती हवा थांबते आणि मोटर स्वतःच्या उष्णतेने भाजते. दिवाळीआधी घासलेल्या पुट्टीची पूडही तशीच घातक. ओलं-कोरडं दोन्ही ओढणाऱ्या ड्रममध्ये मोटरच्या थंडाव्याची हवा वेगळ्या वाटेने येते, त्यामुळे तो जास्त सोसतो. बारीक पुडीसाठी पिशवी आणि चांगला फिल्टर मात्र त्यालाही हवाच.

बॅटरीच्या काठीवाल्या मशीनचं गणित निराळं. चांगल्या मॉडेलांत मोटर बिनब्रशची असते, कार्बनची कटकट नाही. आयुष्य बॅटरी ठरवते. लिथियम-आयन बॅटरी साधारण 300 ते 500 वेळा पूर्ण चार्ज होऊन उतरली की तिची क्षमता चांगलीच घटलेली असते. रोज पूर्ण उतरवलीत तर दुसऱ्या वर्षीच फरक कळेल. आठवड्यातून दोनदा वापरलीत तर चार वर्षं सहज निघावीत, पण बॅटरी नुसती पडूनही म्हातारी होते आणि उन्हाने लवकर होते. इंदुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. पश्चिमेच्या गॅलरीत चार्जर ठोकणं म्हणजे बॅटरीचं वय कमी करणं. घेण्याआधी दुकानात बॅटरी काढून दाखवायला सांगा आणि तिची सुटी किंमत विचारा. स्क्रू उघडल्याशिवाय निघत नसेल किंवा किंमत सांगता येत नसेल, तर ते मशीन मी घेणार नाही.

रोबोचं थोडक्यात: बॅटरी त्यालाही, शिवाय चाकं, ब्रश, सेन्सर. जुन्या घरांतले उंबरठे त्याला ओलांडवत नाहीत. टिकावासाठी तो घेऊ नये, सोयीसाठी घ्यावा.

वॉटचा आकडा बघून भुलू नका. जास्त वॉट म्हणजे जास्त वीज, ओढ तेवढीच वाढेल असं नाही. युरोपात 2017 पासून 900 वॉटच्या वरची घरगुती मशीनं विकायला बंदी आहे, तरी तिथली घरं स्वच्छ होतातच.

दुरुस्तीचा माझा नियम असा: कार्बन, पाइप, वायर, स्विच, फिल्टर यांसाठी कितीही जुनं मशीन दुरुस्त करावं. आर्मेचर, म्हणजे मोटरचा आतला फिरता भाग, जळलं आणि मशीन सहा-सात वर्षांचं असेल तर सोडून द्यावं.

वहिनींना मी वायरचा ड्रमवालाच सांगितला असता. पण त्यांच्या घरी गाद्या वरच्या मजल्यावर आहेत आणि त्यांची कंबर दुखते. ड्रम जिन्यावरून ओढत नेणं त्यांना जमणार नाही, मग तो माळ्यावर जाईल. त्यांच्यासाठी हलका, चाकांवरचा पिशवीवाला वायरचा ठरवला आहे. शनिवारी महाराणी रोडला खरेदीला जाऊ, तेव्हा त्याच मॉडेलचा पाइप आणि दोन फिल्टर सुटे मिळतात का, हे आधी विचारायचं आणि मगच पैसे द्यायचे.